डावं मनगट मोडलं तेव्हा लेस कशी चालू ठेवली

ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि सगळा भार डाव्या तळव्यावर आला. मनगटालगतचं रेडियस नावाचं हाड मोडलं. एक्स-रे झाला, हाड जागेवर बसवलं, कोपराखालपासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर चढलं. घरी आल्यावर पहिली नजर गेली ती खिडकीजवळच्या टेबलाकडे. तिथे माझी टॅटिंगची, म्हणजे बोटांवरच्या दोऱ्यावर गाठी मारत करायच्या लेसची, झालर तशीच पडली होती. ४० नंबरचा पांढरा दोरा (नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक), ४८ फुलं करायची होती, ३१ झाली होती. बत्तिसाव्या फुलाची रिंग, म्हणजे गाठींचं कडं, उघडीच राहिली होती आणि शटल, म्हणजे दोरा गुंडाळलेलं छोटं साधन, तिला लोंबत होतं.

मी २२ वर्षं लेस करते. टॅटिंग आणि क्रोशे आत्याकडून शिकले, बॉबिन लेस, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या छोट्या काड्या (बॉबिन) उशीवर एकमेकींवरून नेत करायची लेस, बरीच नंतर. इतक्या वर्षांत दोन दिवस हातात दोरा नाही असं क्वचितच झालं असेल. म्हणून त्या सहा आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये आणि नंतरच्या चार-पाच महिन्यांत जे कळलं, ते माझ्यासारख्याच अडकलेल्या बायका-पुरुषांसाठी लिहून ठेवते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. लेस सोडायची नाही, पण अर्धवट राहिलेला तो तुकडा मात्र सोडायचा. तो उचलून बंद डब्यात ठेवा. का, ते पुढे येईल.

रिंग उघडी असेल तर एक काम घरातल्या कुणाकडून करून घ्या. रिंगच्या मोठ्या फासात एक सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे दोरा ओढला जाऊन रिंग चुकून बंद होणार नाही. टॅटिंगमध्ये बंद झालेली रिंग उसवणं म्हणजे डोळ्यांची आणि बोटांची परीक्षा असते, आणि तुमच्याकडे सध्या पाचच बोटं कामाची आहेत. दोऱ्याचा नंबर, रीळ कोणतं, नमुन्यात कुठे थांबलात हे चिठ्ठीवर लिहून त्याच डब्यात टाका. मला वाटलं होतं सगळं लक्षात राहील. साडेपाच महिन्यांनी काम पुढे न्यायला डबा उघडला तेव्हा ती चिठ्ठीच कामाला आली.

पहिला आठवडा काहीच नाही

पहिले सात-आठ दिवस हाताला सूज असते. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा आणि बोटं हलवत राहायची. पूर्ण मूठ मिटायची, पूर्ण उघडायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. मला डॉक्टरांनी जागी असताना दर तासाला हे करायला सांगितलं होतं. कंटाळवाणं आहे, पण प्लास्टरमधून निघाल्यावर बोटं आखडलेली मिळाली तर लेसला त्याहून मोठा अडथळा दुसरा नाही. मनगट थोडं कमी वळलं तरी टॅटिंग जमतं, बोटं वळली नाहीत तर जमत नाही.

झोळीत हात असेल तर खांद्याकडेही बघा. दिवसातून चार-पाच वेळा झोळी काढून खांदा आणि कोपर हलवायची परवानगी आहे का, ते विचारून घ्या. माझं मनगट जुळत होतं, पण दोन आठवड्यांत खांदा दुखायला लागला होता.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. प्लास्टरच्या आत खाज सुटते, फार सुटते, आणि आपल्या हाताशी क्रोशाचं बारीक, लांब हूक असतं. ते आत घालायचं नाही. सुई नाही, शटलचं टोक नाही, काहीच नाही. आत खरचटलं तर ते दिसत नाही आणि हवा नसलेल्या ओलसर जागी जखम चिघळते. माझी सगळी हुकं मी पहिल्याच दिवशी मुलाला कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला लावली.

बोटं निळसर किंवा पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात, प्लास्टर आवळल्यासारखं वाटून ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट बघू नका. तेव्हाच डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांना विचारू नका, दाखवा

"मी लेस करू का?" या प्रश्नाला मला पहिल्यांदा मिळालेलं उत्तर होतं, "काय करू का?" पुढच्या तपासणीला मी शटल, दोरा आणि सुईकाम अडकवलेली छोटी फ्रेम पिशवीतून घेऊन गेले. उजव्या हाताने आणि डाव्या बोटांनी अर्धा मिनिट हालचाल करून दाखवली. मग उत्तर नेमकं मिळालं. बोटांनी दोरा हलकेच टेकवून धरायला हरकत नाही, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोर लावून काही धरायचं नाही, डाव्या हाताने काही उचलायचं नाही, चौथ्या आठवड्यात पुन्हा बघू.

हे उत्तर माझ्या हाडापुरतं होतं. तुमचं वेगळं असेल. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते जुळायला पुष्कळदा जास्त वेळ घेतं, आणि टॅटिंगच्या चिमटीचा भार त्याच बाजूला येतो. प्लेट आणि स्क्रू बसवलेल्यांना हालचाल पुष्कळदा लवकर सुरू करता येते. म्हणून दुसऱ्याचे आठवडे मोजू नका, आपली पिशवी घेऊन जा. तीन हालचाली वेगवेगळ्या करून दाखवा: चिमटीत धरणं, तळहात वर-खाली फिरवणं, आणि बोटावर दोरा ताणून ठेवणं. लेसमधलं बहुतेक काम या तिघांत येतं.

कोणत्या लेसला कोणता हात लागतो

इतकी वर्षं मी हा विचार केलाच नव्हता. दोन्ही हात आपापलं करत होते. एक बंद पडल्यावर कळलं की आपण ज्याला उजव्या हाताची कला समजतो, तिचा निम्मा भार डाव्याने उचललेला असतो.

टॅटिंगचं बघा. शटल उजव्या हातात, पण गाठ तयार होते ती डाव्या हातावरच्या दोऱ्याची. शटल वरून-खालून फिरवलं की गाठ आधी शटलच्या दोऱ्याची पडते. मग डावी मधली बोटं सैल सोडायची, शटलचा दोरा ताठ ओढायचा, आणि गाठ पलटून डाव्या दोऱ्यावर येते. लगेच डावी बोटं पुन्हा ताणायची. ही सैल-ताठ, सैल-ताठ हालचाल प्रत्येक अर्ध्या गाठीला होते. डाव्या हातात जोर नसला की गाठ पलटत नाही, शटलच्या दोऱ्यावरच आवळून बसते आणि रिंग ओढून बंदच होत नाही. म्हणजे डावं मनगट मोडलं असेल तर शटलचं टॅटिंग सगळ्यात शेवटी परत येणार. हे आधीच मान्य केलं की खूप चडफड वाचते.

क्रोशेत डावा हात दोरा सोडतो आणि विणलेला तुकडा चिमटीत धरतो. उजवा हात हूक फिरवतो. डावं मनगट मोडलं तर धरणं अवघड. उजवं मोडलं तर हूक फिरवणं अवघड, कारण त्यात तळहात थोडा वर, थोडा खाली असं सारखं वळतं आणि मनगटाच्या या मोडीनंतर तेच वळण हळू परत येतं. हूक सुरीसारखं धरणाऱ्यांचं मनगट जास्त फिरतं, पेनसारखं धरणाऱ्यांचं काम बोटांवर जास्त येतं. माझ्या एका मैत्रिणीचं उजवं मनगट मोडलं होतं. तिने बऱ्या होण्याच्या काळात पकड बदलली आणि तीच कायम ठेवली.

बॉबिन लेसची गोष्टच निराळी. तिथे दोऱ्याला ताण देतं ते बॉबिनचं वजन, आणि झालेलं काम धरून ठेवतात टाचण्या. हाताने फक्त सरकवायचं. सुईने करायच्या लेसमध्ये, म्हणजे काज टाक्याच्या जाळीत, एक हात टाका घालतो आणि दुसरा कापड धरतो. कापड धरायचं काम टेबलाला देता आलं की झालं.

यावरून माझं प्लास्टरमधलं वेळापत्रक ठरलं. दुसऱ्या आठवड्यापासून सुईची लेस, चौथ्यापासून बॉबिन, आणि टॅटिंग प्लास्टर निघाल्यावरच.

एका हाताने सुईची लेस

ही लेस मी त्याआधी कधी धड केली नव्हती. दोनदा सुरू करून सोडली होती, कारण ती फार हळू चालते. मोडलेल्या हाताच्या माणसाला मात्र तो वेग अगदी सोयीचा पडतो. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावची सुईची लेस २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिच्या एका चौरस सेंटीमीटरला साधारण ७ तास लागतात. हे वाचल्यावर माझा दिवसाचा अर्धा बोटभर टाका मला कमी वाटेनासा झाला.

पहिला नमुना एका पानाचा घ्या, जेमतेम ३ सेंटीमीटर लांब, मध्ये एक शीर. कागदावर जाड रेघेने काढा, वर पारदर्शक चिकट फिल्म लावा म्हणजे दोरा कागदाला अडकत नाही. खाली सुती कापडाचे दोन थर. हे सगळं कडेने धावदोऱ्याने एकत्र शिवायचं. एवढं मी घरच्यांकडून करून घेतलं.

मग बाह्यरेषा. ८० नंबरचा दोरा दुहेरी करून रेघेवर ठेवायचा आणि साध्या बारीक शिवणदोऱ्याने दर २-३ मिलीमीटरवर आडवा टाका घालून तो खाली बांधायचा. हा टाका कागद आणि दोन्ही कापडांतून जातो. इथे सुई खालून वर, वरून खाली करावी लागते, म्हणून टेबलाच्या कडेला शिकंज्याने पक्की होणारी भरतकामाची रिंग लागते. रिंग अर्धी टेबलाबाहेर काढली की उजवा हात वरही जातो आणि खालीही. वेळ लागतो, पण एका हाताने पूर्ण जमतं.

बाह्यरेषा झाली की रिंग काढा. तुकडा एका घट्ट उशीवर चारही कोपऱ्यांत टाचण्यांनी पक्का करा आणि उशीखाली रबरी जाळीची न घसरणारी चटई घाला. आता बोथट टोकाची सुई घ्या. पानाच्या एका कडेवरच्या दोऱ्यावर काज टाके घालत जा, कापडात सुई न घालता. एक ओळ गेली की कडेच्या दोऱ्याला वळसा घालून परत या, आणि दुसऱ्या ओळीचे टाके पहिल्या ओळीच्या फासांत घाला. दोरा ४० सेंटीमीटरपेक्षा लांब घेऊ नका. लांब दोरा गुंततो आणि एका हाताने गुंता सुटत नाही. काज टाक्याचा फास एरवी डाव्या अंगठ्याने दाबून धरतो, तिथे मी प्लास्टरमधून बाहेर आलेलं मधलं बोट नुसतं टेकवत होते, जोर अजिबात न लावता. तेवढं पुरतं.

या लेसचा मला सगळ्यात आवडलेला गुण असा की तिच्यात गाठ मारावीच लागत नाही. नवा दोरा बाह्यरेषेच्या बांधणीखालून चार-पाच टाक्यांइतका सरकवायचा, जुनाही तसाच संपवायचा. एका हाताने गाठ मारायचा ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना याची किंमत कळेल.

जाळी भरून झाली की बाह्यरेषेवर दाट काज टाके घालून कड उठावदार करायची. शेवटी कापडाचे दोन थर किंचित वेगळे करून मधले बांधणीचे टाके कात्रीने कापायचे. पान आपोआप सुटून हातात येतं, उरलेले धाग्याचे तुकडे चिमट्याने काढायचे. कापायचं काम नवऱ्याने थर धरून ठेवले तेव्हा झालं. माझं पहिलं पान १९ दिवसांनी सुटलं. शीर वाकडी आहे, जाळी एका बाजूला दाट आहे, आणि ते माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं आहे.

सुई ओवण्याचं काम राहिलं. सुई पिनकुशनमध्ये उभी रोवा, पिनकुशन जड असू द्या, आणि ओवणीची तार वापरा. मी सकाळी सहा-सात सुया ओवून घेत असे, म्हणजे मध्येच मूड जात नसे. आणि दोरा दाताने तोडू नका. स्प्रिंगची छोटी कात्री उजव्या हाताने सहज चालते.

बॉबिन, चौथ्या आठवड्यानंतर

उशी सपाट हवी. गोल लोडावर बॉबिन तळहातात धरून काम करायची पद्धत असते, ती आत्ता नको. सपाट उशीवर बॉबिन पसरलेले राहतात आणि बोटांच्या टोकांनी सरकवता येतात. बॉबिनच्या शेवटी मणी ओवलेले असतील तर आणखी बरं, ते घरंगळत नाहीत.

हालचाली दोनच. चार बॉबिनपैकी मधल्या दोघांत डावा उजव्यावरून न्यायचा तो क्रॉस. प्रत्येक जोडीत उजवा डाव्यावरून न्यायचा तो ट्विस्ट. एरवी दोन्ही जोड्यांचा ट्विस्ट दोन्ही हातांनी एकदम होतो. एका हाताने आधी एक, मग दुसरा. वेळ दुप्पट लागतो, विणीत फरक पडत नाही. फरक पडतो तो ओढताना. टाचणी लावल्यावर दोन्ही जोड्या एकदम ओढता येत नाहीत, तेव्हा एक जोडी ओढून तशीच ठेवा, मग दुसरी, मग पुन्हा पहिली किंचित.

आठ जोड्यांची टॉर्शनची, म्हणजे बॉबिन लेसच्या एका प्रकाराची, साधी पट्टी घ्या. टॉर्शनचा नमुना ४५ अंशांच्या तिरक्या चौकटींवर बसतो, त्यामुळे पुढची टाचणी कुठे हे डोळ्यांना लगेच कळतं आणि औषधांच्या गुंगीतही चूक कमी होते. बॉबिनला दोरा गुंडाळायचं काम टेबलाला बसणाऱ्या यंत्राने एका हाताने होतं. वरचा अडकवणीचा फास मात्र मुलाने शिकून घेतला, सोळा बॉबिनचे सोळा फास.

प्लास्टरचा खरखरीत पृष्ठभाग दोऱ्याला लागला की तंतू उभे राहतात, पांढरा दोरा मळतो. जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून तो प्लास्टरवर चढवा. रोज धुतलेला.

ज्या दिवशी हात ठणकत असेल त्या दिवशी नमुने काढा. चौकटीच्या कागदावर पुढच्या पट्टीचा नमुना आखणं, जाड कार्डावर टाचणीची भोकं टोचणं, जुन्या लेसांची यादी करणं, हेही लेसचंच काम आहे. मी दोन वर्षं राहून गेलेला पंख्याच्या आकाराचा नमुना त्या दिवसांत पूर्ण आखला.

ओळ नव्हे, मिनिटं

लेस करणाऱ्या प्रत्येकाची एक सवय असते: "एवढी ओळ संपवते आणि उठते." मोडलेल्या हाताला ती महागात पडते. सुरुवातीला मी १० मिनिटांचा गजर लावत असे. गजर झाला की टाका अर्धा असला तरी सुई उशीत रोवायची, हात उशीवर उंच ठेवायचा, बोटांची मूठ दहा वेळा मिटायची-उघडायची. दिवसात असे तीन वेळा.

वाढवायचं की नाही हे त्या क्षणी ठरवू नका, कारण काम करताना दुखणं कळतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. बोटं आदल्या सकाळपेक्षा जास्त सुजली आहेत का, ठणका जास्त आहे का? जास्त असेल तर वेळ निम्मा करा. दोन सकाळी ठीक गेल्या तर ५ मिनिटं वाढवा. माझ्याकडून एकदा गजर बंद करून पाऊण तास बसणं झालं. पुढचे तीन दिवस काहीच करता आलं नाही.

पाय मोडला असेल तर हात मोकळे असतात आणि वाटतं आता भरपूर होईल. पाय उंच ठेवून पाठ टेकून बसलात की मांडीवरची मोठी उशी डोळ्यांपासून लांब जाते आणि मान वाकते. छोटं काम घ्या, पलंगावर ठेवायच्या पायांच्या टेबलावर ठेवा. टाचण्यांचं काम पलंगावर नकोच, एखादी अंथरुणात हरवली तर सापडत नाही. क्रोशेची सुटी फुलं किंवा टॅटिंग तिथे उत्तम. गळपट्टीचं हाड मोडलं असेल तर कोपर अंगालगत ठेवूनच जे जमेल ते.

प्लास्टर निघाल्यावर

हा भाग मला सगळ्यात कठीण गेला, कारण मला वाटत होतं की प्लास्टर निघालं म्हणजे संपलं. हात बारीक झालेला असतो, मनगट लाकडासारखं, चिमटीत जोर नाही. कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात आणि बारीक दोरा प्रत्येक पापुद्र्याला अडकतो. त्यावर मलम रात्री झोपताना लावा, काम करायच्या आधी नाही, नाहीतर तेलाचे डाग पडतात. काम करण्याआधी हात पाच मिनिटं कोमट पाण्यात धरून बोटं हलवली की ती बरीच सैल होतात.

फिजिओथेरपीचे व्यायाम आणि लेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी समजूत होती की बोटं दिवसभर चालतात तर व्यायाम कशाला. पण लेस करताना आपण मनगट एकाच जागी धरून ठेवतो, आणि मनगटाला नेमकी उलटी गरज असते: वर, खाली, आणि कोपर अंगालगत ठेवून तळहात छताकडे, मग जमिनीकडे. आधी व्यायाम, मग लेस, हा क्रम मी पाळला.

सुरुवात जाड दोऱ्याने करा. ४० किंवा ८० नाही, १० नंबरचा. क्रोशे करत असाल तर दीड-पावणेदोन मिलीमीटरचं हूक घ्या आणि त्याच्या दांड्यावर फोमची नळी चढवा. जाड दांडा धरायला कमी जोर लागतो. टॅटिंगवाल्यांनी शटलच्या आधी सुईचं टॅटिंग करून बघावं. १० नंबरच्या दोऱ्याला ५ नंबरची टॅटिंगची सुई चालते. त्यात गाठी सरळ सुईवर चढतात, पलटवाव्या लागत नाहीत, त्यामुळे ती सैल-ताठ हालचाल टळते. मला तीन आठवडे याच सुईने तारलं.

दोन लक्षणं लेस करणाऱ्याला इतरांपेक्षा आधी जाणवतील, म्हणून सांगते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. आणि मनगट मोडल्यानंतर काही आठवड्यांनी, दुखणं कमी झालेलं असतानाही, अंगठा वर उचलणारा स्नायूबंध कधीकधी तुटतो. शटल धरताना अंगठ्याचं टोक अचानक सरळ होईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्याचप्रमाणे हातात जळजळ, चकाकती ताणलेली कातडी, सूज आणि हाताला नुसतं बोट लागलं तरी असह्य दुखणं, याकडे "होईल बरं" म्हणून बघू नका.

आता त्या बंद डब्याकडे येते. प्लास्टर निघाल्यावर दहाव्या दिवशी मला राहवलं नाही. डबा उघडला आणि उघडी रिंग तशीच ठेवून पुढची पाच फुलं केली. जुन्या फुलांशेजारी ठेवली तर मोजायची गरजच नव्हती, ती मोठी आणि ढिली होती. गाठींची संख्या तीच, दोरा तोच, हात वेगळा. पाचही कापली. लेसमध्ये हाताची ओढ म्हणजे अक्षरासारखी असते, आणि हात बरा होत असताना ती दर आठवड्याला बदलते. म्हणूनच मोडण्याआधीचं काम मोडल्यानंतरच्या हाताने लगेच पुढे न्यायचं नाही.

त्याऐवजी एक नमुनापट्टी ठेवा. मी दर दुसऱ्या रविवारी ४० नंबरच्या दोऱ्याने एकच रिंग करत असे: पाच गाठी, पिको (गाठींमधला दोऱ्याचा छोटा फास), पाच, पिको, पाच, पिको, पाच, बंद. ती जाड कार्डावर टाचून खाली तारीख लिहायची. जुन्या फुलातली तशीच रिंग ९ मिलीमीटर लांब होती. प्लास्टरनंतरची पहिली १२ भरली, आणि बंद करताना दोनदा दोरा तुटला. मग ११, मग पुन्हा १२ कारण त्या आठवड्यात जास्त काम केलं होतं, मग १०. पिको सगळे एका उंचीचे व्हायला रिंगची लांबी जुळल्यानंतरही महिना गेला.

मधल्या काळात काय करायचं? सुटी फुलं. १८४५ नंतरच्या आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळात घराघरांतून क्रोशेची लेस करून विकली जात असे. त्या लेसची फुलं-पानं वेगवेगळे हात करत आणि शेवटी कुणीतरी एक जाळी विणून ती जोडत असे. तुमचा या आठवड्याचा हात आणि पुढच्या आठवड्याचा हात हे असेच दोन वेगळे हात समजा. प्रत्येक फूल आपल्यापुरतं पूर्ण असतं. थोडं लहान-मोठं झालं तरी जोडकामात खपतं, आणि एका बैठकीत संपतं, त्यामुळे गजरही पाळता येतो. मी अशी २६ फुलं केली. त्यांची गळपट्टी झाली.

साडेपाच महिन्यांनी सलग तीन रिंगा ९ मिलीमीटरच्या आल्या, तेव्हा डबा पुन्हा उघडला. उघडी राहिलेली बत्तिसावी रिंग मी कापून टाकली आणि ते फूल नव्याने सुरू केलं. अर्धी रिंग जुन्या हाताची आणि अर्धी नव्याची चालत नाही. त्याच रिळातला दोरा उरला होता हे चिठ्ठीमुळे कळलं. तुमचा संपला असेल तर नवं रीळ त्याच कंपनीचं घेतलं तरी पांढरा किंचित वेगळा निघू शकतो, म्हणून जोड कोपऱ्यावर येईल असं बघा. डब्यात राहिलेला भाग पिवळसर दिसतो. घाबरू नका, पूर्ण झाल्यावर सगळं एकत्र कोमट पाण्यात आणि सौम्य साबणात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टाचण्या लावून सपाट वाळवा. टाचण्या रोवताना अंगठ्याने दाबू नका, अंगुस्तान घाला.

सध्या त्रेचाळिसावं फूल चालू आहे. गजर २५ मिनिटांवर आहे.